कर्ज फिटेनासं झालं तर: घेणेकऱ्यांशी रीतसर तडजोड, मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळपासून बोरिवलीपर्यंतच्या, कर्जात अडकलेल्या कुटुंबांसोबत बसून त्यांचे कागद लावून द्यायचं काम मी करतो. तिथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो बेताच्या पगाराचा, तीन-चार ठिकाणी देणं झालेला माणूस. माझं म्हणणं एकच आहे आणि ते बऱ्याच उत्तरांत येईल: जो सगळ्यात मोठ्याने तगादा लावतो त्याला आधी देऊन कर्ज फिटत नाही. सगळं देणं एका कागदावर आणून, झेपेल तेवढ्याच रकमेवर, लेखी ठरवावं लागतं.

हप्ते मागेपुढे होतायत. पण तडजोडीची वेळ आलीय हे कसं ओळखायचं?

एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरीकडून पैसे उचलताय का? घरखर्च भागवून जे उरतं ते सगळ्या हप्त्यांच्या बेरजेपेक्षा कमी आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर वेळ आलीय. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर करण्यात क्रेडिट कार्ड सगळ्यात महाग पडतं. महिन्याला ३.५ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि नुसतं 'मिनिमम ड्यू' भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत कर्ज, होतं. त्याआधी बँकेत गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याची बोलणी करता येतात. त्यानंतर गोष्टी वसुली विभागाकडे जातात आणि बोलण्याचा सूर बदलतो.

रीतसर तडजोड म्हणजे नेमकं काय काय?

मुंबईत राहणाऱ्या माणसापुढे साधारण चार वाटा आहेत. बँकेशी थेट बोलून कर्जाची पुनर्रचना, म्हणजे पूर्ण रक्कम पण लांब मुदतीत. एकरकमी तडजोड, म्हणजे ठरलेली रक्कम भरून उरलेलं माफ करून घेणं, जिला बँकेत ओटीएस आणि सहकारी बँकांत बऱ्याचदा 'सामोपचार कर्ज परतफेड योजना' म्हणतात. लोकअदालतीतला समझोता. आणि शेवटची, मुंबई उच्च न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करून सगळ्या घेणेकऱ्यांपुढे एकच प्रस्ताव ठेवणं. वरून खाली यायचं. पहिल्या दोन वाटा नीट चालून न बघता चौथी धरू नये.

सुरुवात कुठून करू? मला तर एकूण आकडासुद्धा माहीत नाही.

तिथूनच करा. चारही क्रेडिट माहिती कंपन्या, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. तो काढा. त्यात नसलेलं देणं स्वतः लिहा: पतसंस्था, भिशी, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले, वाण्याची उधारी.

मग घरखर्च. इथे माणसं खोटं लिहितात, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध. साहेबाला बरं वाटावं म्हणून रेशन कमी धरतात, आईची औषधं वगळतात. सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस, लाइट बिल, लोकलचा पास, शाळेची फी, सगळं खरं खरं लिहा. गणपतीला गावी जायचा खर्च वर्षातून एकदा येतो म्हणून विसरला जातो. तो बाराने भागून दर महिन्यात धरा. नाही धरला तर भाद्रपदात हप्ता चुकतो आणि ठरलेली तडजोड मोडते.

उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार ५८,०००, खरा घरखर्च ४०,०००. उरले १८,०००. देणं असं: कार्डाचे १,८०,०००, बँकेच्या पर्सनल लोनचे ४,२०,०००, फायनान्स कंपनीचे ३,००,०००. एकूण ९ लाख. प्रत्येकाला त्याच्या वाट्याप्रमाणे दिलं तर कार्डाला ३,६००, बँकेला ८,४०० आणि फायनान्स कंपनीला ६,००० येतात. हा तक्ता तिघांनाही एकाच दिवशी, एकाच मजकुराच्या पत्रासोबत पाठवा. एकाला १०,००० आणि दुसऱ्याला काहीच नाही असं केलंत की दुसरा कोर्टात जातो, आणि मग पहिल्याला दिलेलंही वाया जातं. तक्ता पाहून सगळे लगेच 'हो' म्हणतील असं नाही. पण पुढे कोर्टात किंवा लोकअदालतीत 'हा माणूस टाळत होता' असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

पत्रात काय लिहू? माफी मागू का?

माफीची गरज नाही. उत्पन्न का घटलं ते दोन ओळींत लिहा आणि नोकरी गेल्याचं पत्र किंवा हॉस्पिटलचं बिल जोडा. मग तक्ता, मग मागणी: 'मुदत वाढवून हप्ता अमुक करावा, दंडात्मक शुल्क माफ करावं.' पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या आणि ईमेलही करा. हप्त्याच्या दंडावर पुन्हा व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. २०२४ पासून ती लागू आहे. खातेउतारा मागवून तेवढं तपासाच.

ओटीएसमध्ये किती सूट मिळते?

ठरलेला दर नाही. कर्ज तारण आहे की विनातारण, थकून किती दिवस झाले, तुमच्याकडे जप्त करण्यासारखं काय आहे, आणि पैसे एकदम देताय की तुकड्यांत, यावर ते ठरतं. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार प्रत्येक बँकेचं, सहकारी बँकेचं आणि फायनान्स कंपनीचं तडजोडीबाबत संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं. म्हणजे 'आमच्याकडे अशी काही पद्धतच नाही' हे उत्तर पटण्यासारखं नाही. याच परिपत्रकात आणखी दोन गोष्टी आहेत. तडजोडीची रक्कम द्यायला तीन महिन्यांहून जास्त मुदत असेल तर ती पुनर्रचना धरली जाते. आणि तडजोडीनंतर निदान १२ महिने तीच संस्था तुम्हाला नवं कर्ज देत नाही.

एक कळकळीचं सांगणं. ओटीएसची रक्कम उभी करायला बायकोचे दागिने मोडण्याआधी बाकीच्या देण्यांचं काय होणार ते पाहा. एकाची फाइल बंद झाली आणि उरलेले दोघे दारात उभे, अशा वेळी घरात मोडायलाही काही राहिलेलं नसतं.

एजंट व्हॉट्सॲपवर म्हणतो, 'आज साठ हजार टाका, फाइल बंद करतो.' टाकू?

नाही. संस्थेच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही तडजोडीपोटी टाकू नका. पत्राशिवाय टाकलेले साठ हजार थकबाकीत जमा होतात, आणि पुढच्या महिन्यात नवा एजंट उरलेल्या रकमेसाठी फोन करतो. आधीच्या माणसाने नोकरी सोडलेली असते.

पत्र आलं की सावकाश वाचा. कर्जखात्याचा नंबर तुमचाच आहे का? एकाच बँकेची दोन कर्जं असतील तर दोन्ही लिहिलीत का? रक्कम अंकी आणि अक्षरी जुळते का? 'पूर्ण व अंतिम' असे शब्द आहेत का, की नुसतं 'थकबाकीपोटी'? कोर्टात केस असेल तर ती कोण मागे घेणार आणि कधी? तुमचे कोरे चेक परत मिळणार का? एखादा हप्ता दोन दिवस उशिरा गेला तर तडजोड आपोआप रद्द होते का? बऱ्याच पत्रांत ती होते, म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशीची नव्हे, आठवड्यानंतरची तारीख मागा. जामीनदार मोकळा होतो का, हेही स्पष्ट लिहून घ्या.

पैसे फक्त कर्जखात्यात भरायचे. एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. तुमचं कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं गेलं असेल तर आधी बँकेकडून तसं लेखी मागा, मगच त्या कंपनीशी बोला.

पैसे भरून झाले. आता?

'नो ड्यूज' दाखला घ्या आणि तो जन्मभर जपा. घराचे मूळ कागद बँकेत असतील तर पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांत ते परत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

सिबिल कायमचं बिघडेल का?

तडजोडीत सूट घेतली तर अहवालात खातं 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' दिसतं आणि काही वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड जातं. पण हप्ते थकलेलं खातंही तिथे दिसतंच. म्हणून सिबिलच्या भीतीने तडजोड टाळणं मला पटत नाही. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

वसुलीवाले चाळीत येऊन ओरडतात, ऑफिसात फोन करतात. हे चालतं?

चालत नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाइकांना त्रास हेही मना आहे. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. फोनचा दिवस-वेळ वहीत टिपून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा. आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. धमकी किंवा हात उगारणं झालं तर थेट पोलीस ठाणं. कर्ज थकलंय म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

मला अटक होईल का?

हप्ता थकणं हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे द्या या कोर्टाच्या आदेशाच्या, वसुलीत अटकेची तरतूद आहे, पण देण्याची ऐपत असूनही जो देत नाही त्याच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय की निव्वळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक होतच नाही.

मात्र चेक परत गेला तर गोष्ट वेगळी. चेकबाबतच्या कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ऑटो-डेबिट परत गेलं तरी तशीच तरतूद आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस हातात असतात. ही नोटीस कपाटात टाकून देऊ नका. या केसमध्ये कुठल्याही टप्प्यावर समझोता करता येतो.

पगार आणि घरातलं सामान जप्त होईल?

दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीसाठी धरला जाणारा पगार ४०,००० असेल तर २७,००० ला हात लावता येत नाही. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, जप्तीबाहेर आहेत. शिंपीकाम करणाऱ्या बाईंना कोणी 'मशीन उचलून नेऊ' म्हणत असेल तर तिला हे वाचून दाखवा.

घर गहाण आहे. नोटीस आलीय.

सगळं बाजूला ठेवून आधी याला हात घाला. सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची, पहिली नोटीस ६० दिवसांची असते. त्या काळात तुमचा आक्षेप किंवा प्रस्ताव लेखी द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. आणि पूर्ण रक्कम भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. घर स्वतः विकून देणं फेडणं दुखतं, पण लिलावापेक्षा किंमत बरी येण्याची शक्यता त्यातच जास्त असते. हे पहिल्या ६० दिवसांत ठरवा.

पतसंस्थेचं कर्ज पगारातूनच कापलं जातं. ते थांबवता येईल?

सहजी नाही. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे तुम्ही लिहून दिलेल्या कबुलीवर मालक ते कापून देतो. वर सांगितलेलं पगाराचं संरक्षण इथे कामाला येत नाही, म्हणून घरखर्चाचा तक्ता करताना ही कपात आधीच वजा धरा. थकबाकी झाली तर संस्था सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडून '१०१ चा दाखला', म्हणजे वसुलीचा दाखला, घेते, आणि तो निघाला की जामीनदाराच्या पगारावरही वसुली येते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहा आणि तिथेच हप्ते मागा. आणि जामीनदाराला तुम्हीच आधी सांगा. डबा उघडून शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला हे पगाराच्या स्लिपवरून कळू देऊ नका.

लोकअदालतीची नोटीस आलीय. जावं का?

जावंच. कोर्ट फी नाही, वकील नसला तरी चालतं, आणि जमलं नाही तर तुमचं काही जात नाही. पण जमलं तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. तिथे टेबलावर गर्दी असते, बँकेचा माणूस घाईत असतो, 'सही करा, पुढचं बघू' असं म्हटलं जातं. तुमचा तक्ता खिशात असू द्या. १८,००० उरत असतील तर २५,००० च्या हप्त्यावर सही करू नका, मग सूट कितीही मोठी दिसो.

नादारीचा अर्ज म्हणजे काय? तो मुंबईत खरंच करता येतो?

येतो, आणि कायदा आहे १९०९ चा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी तो केलेला होता आणि साध्या व्यक्तीसाठी मुंबईत आजही तोच चालतो. अर्ज मुंबई उच्च न्यायालयात करायचा. तुम्ही ठाणे, कल्याण, वसई-विरारकडे राहत असाल आणि धंदाही तिकडेच असेल तर १९२० चा दुसरा कायदा लागू होतो आणि अर्ज तिथल्या जिल्ह्याच्या कोर्टात जातो.

कोर्टाने नादार ठरवलं की तुमची मालमत्ता उच्च न्यायालयाच्या ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याकडे जाते. विनातारण घेणेकऱ्यांना त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर वेगळी कारवाई करता येत नाही. गहाणवाल्या बँकेचा गहाणावरचा हक्क मात्र तसाच राहतो. सगळा जमाखर्च तुम्हाला शपथेवर द्यावा लागतो, उलटतपासणी होते.

यानंतर तुम्ही सगळ्या घेणेकऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवू शकता: अमुक इतके पैसे, अमुक मुदतीत. देणं सिद्ध केलेल्या घेणेकऱ्यांपैकी संख्येने बहुसंख्य आणि रकमेने तीन चतुर्थांश लोकांनी होकार दिला आणि कोर्टाला तो वाजवी वाटला, तर नकार देणाऱ्यांवरही तो बांधील होतो आणि नादारीचा आदेश रद्द होतो. खासगी बोलणीत एक अडून बसलेला फायनान्सवाला सगळं उधळून लावतो. इथे तो एकटा तसं करू शकत नाही. या वाटेचं खरं मोल मला यातच दिसतं. ठरलेले हप्ते चुकवले तर कोर्ट पुन्हा नादार ठरवू शकतं.

किंमतही मोजावी लागते. कोर्टाकडून नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत कंपनीचा संचालक होता येत नाही, आमदारकी-खासदारकीची निवडणूक लढवता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी करणंसुद्धा गुन्हा आहे. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. वेळ बराच लागतो आणि वकील लागतोच.

मग २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याचं काय?

त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला. तुमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती आणि तिच्या कर्जाला तुम्ही स्वतः हमी दिली होती, तर हा रस्ता पाहा. तिथे परतफेडीची योजना घेणेकऱ्यांच्या मतदानाला ठेवली जाते. पगारदाराच्या पर्सनल लोनला तो भाग लागू नाही.

घर आत्ताच बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाकू?

करू नका. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत असं फुकट केलेलं हस्तांतर असाइनी रद्द ठरवून घेऊ शकतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत मेहुण्यालाच मुद्दाम आधी पैसे दिले तर तेही उलटवता येतात. वर तुमच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न उभा राहतो.

सावकार आणि मोबाइल ॲपवाले?

महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकाराने घर किंवा जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज करा. पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासले जाऊ शकतात. ॲपने फोनमधले नंबर, फोटो वापरून बदनामी केली तर १९३० वर सायबर तक्रार करा.

एक कंपनी म्हणते, 'हप्ते बंद करा, आमच्या खात्यात पैसे भरा, अर्ध्यात कर्ज मिटवून देतो.'

तुम्ही वाट पाहत असता तेव्हा व्याज चढत असतं, केस पडत असते आणि त्यांची फी मात्र सुरू असते. त्यांना बँकेवर कुठलाही विशेष अधिकार नाही. ते लिहितात ते पत्र तुम्ही लिहू शकता. मदत हवीच असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा: स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत, वकील फुकट मिळतो. फोन १५१००.

घरी कोणालाच माहीत नाही. झोप लागत नाही, नको ते विचार येतात.

आज रात्रीच एका माणसाला सांगा: बायकोला, बहिणीला, मित्राला. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. पुढचे कागद उद्या बघू. वारसांवर कर्ज पडतं ते मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच, पण माणूस गेल्याने घराचं काहीच सुटत नाही, हे मी त्या घरांत बसून पाहिलंय.

सल्ल्याला जाताना काय काय न्यायचं?

क्रेडिट अहवाल, सहा महिन्यांचे बँक उतारे, पगाराच्या स्लिपा, प्रत्येक कर्जाचा करारनामा असेल तर तो, आणि आलेली सगळी पाकिटं. न उघडलेलीसुद्धा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फाडू नका, १५ किंवा ६० दिवसांची मुदत कधी सुरू झाली ते त्यावरून शोधता येतं.